कॅगच्या नावात ‘नियंत्रक’ कुठून आला? गोष्ट ग्लॅडस्टन यांची

कॅगचा अहवाल संसदेत आला की सरकार कोणाचंही असो, धावपळ ठरलेली. पण ‘नियंत्रक आणि महालेखापरीक्षक’ हे लांबलचक नाव आलं कुठून? त्यासाठी १८६६ च्या लंडनला जावं लागतं. तिथे भेटतात विल्यम ग्लॅडस्टन.

१८०९ मध्ये लिव्हरपूलच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे वेस्ट इंडीजकडचे मळे गुलामांच्या कष्टांवर चालायचे. गुलामगिरी बंद झाली तेव्हा मळेवाल्या वडिलांना सरकारी तिजोरीतून लाखाहून जास्त पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काहीच नाही. तरुण खासदार विल्यम तेव्हा संसदेत मळेवाल्यांच्या बाजूने बोलले होते. सरकारी पैशाचा पै-पैचा हिशेब मागणारा नेता म्हणून पुढे नाव झालं, ते याच माणसाचं.

तेव्हा अडचण अशी होती की संसद पैसे मंजूर करायची, पण ते ठरलेल्या कामावरच गेले का, हे सगळ्या खात्यांबाबत नंतर तपासलं जात नव्हतं. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्या काळात १८६१ ला लोकलेखा समिती आली आणि १८६६ ला कायदा. तिजोरीतून पैसे सोडायला मंजुरी देणं आणि खर्चाचा हिशेब तपासणं, ही दोन्ही कामं एकाच अधिकाऱ्याकडे गेली. म्हणून नावात ‘नियंत्रक’ही आणि ‘लेखापरीक्षक’ही.

या अधिकाऱ्याला मंत्री हटवू शकत नव्हता. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मागणी करावी लागायची. यात निव्वळ मोठेपणा नव्हता म्हणा! लष्कर आणि आरमारासारख्या खर्चिक खात्यांना वेसण घालायला अर्थखात्यालाही असा पहारेकरी हवाच होता. आणि एक दोरी अर्थखात्याने हातात ठेवलीच: लेखापरीक्षकाचा कर्मचारीवर्ग तेच नेमायचं. ती दोरी सुटली थेट १९८३ च्या कायद्याने.

ग्लॅडस्टन चार वेळा पंतप्रधान झाले, १८९८ मध्ये गेले. भारताच्या राज्यघटनेतल्या कलम १४८ ने कॅगला तसंच संरक्षण दिलं. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने हटवतात, त्याच पद्धतीने कॅगला हटवता येतं. ‘नियंत्रक’ मात्र इथे नावापुरताच उरला. तिजोरीतून पैसे सुटायला कॅगची परवानगी लागत नाही, तपासणी होते ती खर्च झाल्यावर.