आद्यकवी मुकुंदराज आणि अंभोरा क्षेत्र

मराठी वाङ्मयेतिहासात मुकुंदराजांना आद्यकवीचे स्थान दिले जाते. परंतु त्यांच्या चरित्राची साधने अत्यंत तुटपुंजी आहेत. 'विवेकसिंधु' या अठरा प्रकरणांच्या ओवीबद्ध ग्रंथातील उल्लेख आणि स्थानिक परंपरा, एवढ्यावरच चरित्रकाराला विसंबावे लागते.

ग्रंथाचा पारंपरिक रचनाकाल शके 1110, म्हणजे इ.स. 1188 असा आहे. तो ग्राह्य धरल्यास 'विवेकसिंधु' हा 1290 मधील ज्ञानेश्वरीपूर्वी सुमारे शंभर वर्षांचा ठरतो. उपलब्ध पोथ्यांची भाषा मात्र बरीच अर्वाचीन असल्याने हा काल सर्व अभ्यासकांना मान्य नाही.

आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ आणि मुकुंदराज अशी त्यांची गुरुपरंपरा सांगितली जाते. शांकर अद्वैत हे त्यांच्या विवेचनाचे अधिष्ठान होय. संस्कृतात बंदिस्त असलेले वेदान्तशास्त्र देशी भाषेत सांगण्याचे धाडस, हाच त्यांच्या जीवनकार्याचा गाभा होता. त्यांच्या नावावर 'परमामृत' हाही ग्रंथ आहे.

वादाचा मुख्य विषय आहे तो स्थळाचा. ग्रंथात वैनगंगेच्या तीरावरील अंबानगराचा निर्देश येतो. भंडारा जिल्ह्याच्या सीमेलगत, वैनगंगेकाठी नागपूर जिल्ह्यात असलेले अंभोरा हेच ते नगर, असे विदर्भातील परंपरा मानते. येथे पाच नद्यांचा संगम मानला जातो. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे आणि हरिनाथांची समाधीही येथेच दाखविली जाते. दुसरीकडे, मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबेजोगाईला असून मराठवाड्याचा दावा तिच्यावर उभा आहे.

जैत्रपाळ राजाची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर स्वार होईपर्यंतच्या अवधीत ब्रह्मदर्शन घडवा, असा त्याचा हट्ट होता. तो पुरवू न शकलेल्या साधूंना त्याने कष्टात लोटले. मुकुंदराजांनी राजाला बोध करून त्यांची सुटका केली, असे सांगतात. हा राजा यादवकुलातील की खेरल्याचा, याविषयीही मतैक्य नाही. आख्यायिकेला इतिहासाचे प्रामाण्य देता येत नाही; मात्र ज्ञानाचे मोल सत्तेहून अधिक, ही लोकमानसाने जपलेली त्यांची प्रतिमा तीत स्पष्ट दिसते.

समाधीचे स्थान आणि ग्रंथाशी निगडित स्थान एकच असले पाहिजे, असे नाही. संन्यस्त वृत्तीच्या पुरुषाचे जीवन एका गावाच्या सीमेत मावत नाही. म्हणून अंबेजोगाईची समाधी अंभोऱ्याचा दावा खोडून काढीत नाही. ग्रंथातील नदीच्या निर्देशाला प्रथम पुराव्याचा मान दिला, तर मराठी ग्रंथरचनेच्या आरंभकाळाचा विचार करताना वैनगंगेचे खोरे वगळता येणार नाही.