यकृतविकारांच्या अभ्यासक शीला शेरलॉक

यकृत निकामी झालेला रुग्ण हळूहळू बेशुद्धावस्थेत का जातो, हे १९५० च्या सुमारास वैद्यकाला पुरते उमगलेले नव्हते. त्याचा उलगडा करणाऱ्यांत डॉ. शीला शेरलॉक अग्रणी होत्या. ३१ मार्च १९१८ रोजी डब्लिन येथे जन्मलेल्या शीला यांना केवळ स्त्री असल्याने इंग्लंडमधील वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला नाही. अखेर एडिनबरा विद्यापीठातून १९४१ मध्ये त्या प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्यांनी सुईने यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्याचे तंत्र रुजवले. आतड्यातील नत्रयुक्त द्रव्ये यकृतात शुद्ध न होता मेंदूपर्यंत पोहोचतात व ग्लानी आणतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९५४ मध्ये मांडले. त्यावरचा आहारातील प्रथिने तोडण्याचा उपाय पुढे मागे पडला. कारणमीमांसा मात्र टिकली. १९५५ मध्ये यकृत व पित्तमार्गाच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये त्या रॉयल फ्री रुग्णालयात, ब्रिटनमधील वैद्यकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकून गेले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मात्र त्यांच्या वाट्याला आले ते २००१ मध्ये. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांचे निधन झाले.