मालकी नाकारणारा धनी

स्वार्थाचा त्याग एकदाच करून भागत नाही, तो रोज करावा लागतो, अशी ख्रिस्ती साधनेची शिकवण आहे. वऱ्हाडात ती आचरून दाखविली ख्रिस्ती नसलेल्या गाडगेबाबांनी. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले बाबा मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या शेतात राबले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. या त्यागाची किंमत कुंताबाईंनी व मुलांनी मोजली. चरित्रकार तिचा हिशेब क्वचितच मांडतात. गावात शिरताच बाबा झाडू हाती घेत, भाकरी त्यानंतर. लोकवर्गणीतून नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःपाशी गाडगे आणि चिंध्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपविली. निर्मात्याचा मालकीहक्क शून्य! आमच्या अर्थशास्त्रात या व्यवहाराला रकाना नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक, त्यांचे देहावसान झाले.