महिन्यांची कुळकथा शोधणारे मास्तर

सबमिशनची तारीख बघायला आपण रूमवरचं कॅलेंडर रोज चाळतो. पण सप्टेंबर म्हणजे मुळात 'सातवा'. मग तो नववा कसा झाला? कारण रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. जुलै ज्युलियस सीझरच्या नावाचा, ऑगस्ट सम्राट ऑगस्टसच्या. एवढं आपल्याला क्विझमुळे माहीत असतं. पण त्याच कॅलेंडरवर बारीक अक्षरात छापलेल्या चैत्र-वैशाखाचं काय? त्यांची कुळकथा मराठीत सविस्तर मांडली ती शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी.

१८५३ साली दापोली तालुक्यातल्या मुरूडला त्यांचा जन्म झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा मास्तरकीचा. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत होत शेवटी ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात संस्कृत ग्रंथ वाचायचे आणि हातानं गणितं करायची. कॅल्क्युलेटर नव्हता बरं का! फ्लीटसाहेबांनी १८८८ साली गुप्तकालीन शिलालेखांचा ग्रंथ छापला, त्यातल्या तारखांची गणितं दीक्षितांची होती. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ आला.

त्यात त्यांनी दाखवलं की वेदांतली मधु, माधव, शुक्र, शुचि ही नावं जुनी आणि ऋतूंशी बांधलेली. चैत्र, वैशाख ही नंतरची, नक्षत्रांवरून आलेली. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख. गोची इथेच आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे नक्षत्रं धरून चाललं तर सुमारे २१५० वर्षांत ऋतू एक महिना सरकतात. म्हणून पंचांग ऋतूंना धरून, म्हणजे सायन असावं, असा त्यांचा आग्रह होता. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी तसं पंचांग काढलंसुद्धा. पण लोकांनी ते काही उचललं नाही. १८९८ साली, पंचेचाळिशीही न गाठता, दीक्षित गेले.

पुढे २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारनं राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली. तिचा चैत्र वसंतसंपाताच्या लगेच दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे ऋतूला धरूनच! आपले सणवार मात्र अजून जुन्याच हिशोबानं चालतात. मास्तरांचा प्रश्न अर्धाच सुटलाय.

येत्या चैत्र पौर्णिमेला होस्टेलच्या गच्चीवर जाऊन बघा. हडपसरच्या झगमगाटातही चंद्राच्या आसपास एक ठळक तारा दिसेल. तीच चित्रा.