दादासाहेबांची चौकट, सरस्वतीबाईंचे हात

मैत्रिणींनो, दर रविवारी दुपारी आमच्या चितेगावच्या समाजमंदिरात सात-आठ मुली जमतात. कुणी अभ्यास करतं, कुणी शिवण शिकतं, कुणी नुसत्याच गप्पा मारतं. त्यातली एक नववीतली मुलगी नेहमी कोपऱ्यात वहीत डोकं घालून बसलेली असायची. एकदा मी हळूच डोकावले. वहीच्या मागच्या पानांवर पट्टीने चौकटी आखलेल्या आणि चौकटीचौकटीतून एक गोष्ट पुढे चाललेली! उन्हाळ्यात टँकर आला नाही म्हणून गावातले रिकामे हंडे रात्री उठतात आणि रांगेने टँकर शोधायला निघतात, अशी ती गोष्ट. एका हंड्याला पोचा पडलेला, म्हणून तो लंगडतो. मला इतकं हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

पण गोष्ट अर्धवट होती. का गं, म्हणून विचारलं, तर म्हणाली की चित्रकथा काढणारे लोक परदेशी पेन वापरतात, काही जण तर पाटीसारख्या एका यंत्रावर काढतात, हे तिने मोबाईलवर पाहिलं होतं. किंमत काही हजारांत. तेवढं मिळेपर्यंत ती थांबणार होती.

घरी येऊन भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात तेच. साधन नाही म्हणून थांबायचं, की आहे त्यावर भागवायचं? आणि मला आठवले दादासाहेब फाळके. आता तुम्ही म्हणाल, ते तर सिनेमावाले, त्यांचा चित्रकथेशी काय संबंध? पण सिनेमाची पट्टी हातात धरून पाहिलीत तर काय दिसतं? एकाखाली एक चौकटीच! एका फुटात सोळा. चित्र पुढे पुढे ठेवत गोष्ट सांगण्याची रीत तर आपल्या या भागाला मुळीच नवी नाही. इथून पुढे पैठणला जा. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची जुनी चित्रं रामायण-महाभारतातल्या कथा अशीच एकेक करून सांगायची. दादासाहेबांनी तीच चित्रं पळती केली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. घरात पोथ्या आणि सोवळं-ओवळं, आणि पोराचा जीव मात्र रंगांत. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात रंगकाम, मूर्तिकाम, फोटोग्राफी, छपाईचे ठसे, जे जे मिळेल ते शिकले. एक धड नाही म्हणून नातेवाइकांनी नावं ठेवली असतील, पण या माणसाला एक हत्यार हातात आलं की दुसऱ्याची ओढ लागायची.

गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. धंदाही बसला, कारण फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, आयुष्य कमी होतं, असा लोकांचा समज! मग नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आपलंच आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ केले. १९०२ साली दुसरं लग्न झालं. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं असलेल्या घरातली गिरिजा करंदीकर सासरी येऊन सरस्वती झाली. हे नाव लक्षात ठेवा. मला खरं तर त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

दादासाहेबांनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे काढणारे म्हणून नोकरी केली. पगार होता, स्थैर्य होतं. स्वदेशीची हवा आली आणि त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला ठसे बनवण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. रवी वर्मा छापखान्यासाठी काम केलं. पुढे तो कारखाना दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ साली ते जर्मनीला गेले. छपाईत नाव झालं, आणि भागीदारांशी बिनसलं. चाळिशी उलटलेली, पदरात लहान मुलं आणि हातात काम नाही. आपल्यापैकी कितीजणींनी हे दिवस घरात पाहिले असतील!

अशात १९१०-११ च्या सुमारास त्यांनी गिरगावात येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालताना त्यांना आपले राम आणि कृष्ण चालताना दिसू लागले. लगेच सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो सिनेमा दाखवला. मग वेडच लागलं. रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे आणि उरलेला वेळ जुन्या फिती, भिंगं, खेळण्यातला कॅमेरा यांच्याशी झटापट. झोप नाही. शेवटी डोळ्यांनीच दगा दिला, दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार झाले, तीन-चार चष्मे आले आणि दृष्टी परतली. चित्रकाराचं पहिलं साधन म्हणजे डोळे, आणि तेच जाता जाता राहिले.

विलायतेला जाऊन कॅमेरा आणायचा ठरलं. पैसे? आयुष्याचा विमा गहाण टाकून दहा हजार रुपयांचं कर्ज काढलं. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीत चढले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाचे संपादक केबोर्न यांना ते ओळखपाळख नसताना जाऊन भेटले. त्या भल्या माणसाने आधी या फंदात पडू नका असं समजावलं, पण यांची जिद्द पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन सोडलं. तिथे सगळं काम डोळ्यांखालून घालून दादासाहेबांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म घेतली आणि छिद्रं पाडायचं यंत्र घेतलं. एप्रिलमध्ये परत. बघा, एवढ्या खटाटोपात त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी वस्तू शोधली नाही. आपल्याला नेमकं काय करायचंय आणि त्याला कमीत कमी काय लागतं, याची यादी डोक्यात घेऊन ते गेले होते.

आता भांडवल. श्रीमंत लोक नुसत्या शब्दावर पैसे देईनात. मग दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. महिनाभराहून जास्त हा उद्योग चालला. मग ती फीत चालवली, तर मिनिटभरात बी फुटून, कोंब वर येऊन, वेल डोलायला लागला! ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. एक कुंडी, एक दाणा आणि धीर एवढ्यावर त्यांनी सावकाराचं मन वळवलं. तरी पैसे पुरेनात, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

मैत्रिणींनो, इथे मला थोडं थांबायचं आहे. सरस्वतीबाई म्हटलं की सगळे दागिन्यांचीच गोष्ट सांगतात. त्यागमूर्ती म्हणून हात जोडतात आणि पुढे जातात. दागिने दिले हे खरंच. पण दागिने देणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत आणि दिलेले परत न आलेल्याही कमी नाहीत. तुम्हीही द्या, असं मी कुणाला सांगणार नाही. सरस्वतीबाईंचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. त्यांनी यंत्र शिकून घेतलं.

त्या काळी कोरी फिल्म कडेला छिद्रं नसलेली यायची. छिद्रांशिवाय ती कॅमेऱ्याच्या दातांत अडकणार नाही आणि पुढे सरकणार नाही. छिद्रं पाडायची ती अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई करत. मी एकदा स्वयंपाकघरात बसून हिशेब मांडला. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. फुटाला सोळा चौकटी म्हणजे ५९ हजारांवर चित्रं. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. झाली पावणेपाच लाख छिद्रं! यंत्राने पाडली म्हणा, पण फीत सरळ धरणारे हात तर माणसाचेच. एक छिद्र वाकडं पडलं की पुढचं सगळं चित्र थरथरणार. पापड लाटणाऱ्या, मोती ओवणाऱ्या बाईला कळेल हे काय काम आहे ते.

आणि हे कधी? दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकल्यावर. कारण सिनेमात काम करणारी सगळी मंडळी घरीच जेवायला. दिवसा उन्हात चित्रीकरण चाललं की पांढरी चादर धरून उभं राहायचं, म्हणजे उजेड नटांच्या चेहऱ्यावर परतेल. रात्री फिल्म धुण्याची रसायनं कालवायची. दादासाहेब हे त्यांना शिकवत गेले, हाही त्यांचा मोठेपणा. तुला काय कळतंय यातलं, असं म्हणून त्यांनी बायकोला चुलीपाशी पिटाळलं नाही. पण चूल सुटली नाही ती नाहीच. दोन्ही केलं त्या बाईने.

तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. नाटकातल्या नाहीत, कोठीवरच्याही नाहीत, इतकं हे काम हलकं समजलं जायचं. दादासाहेबांनी सरस्वतीबाईंनाही विचारलं होतं, असं सांगतात. त्यांनी नकार दिला, कारण मग बाकीची कामं कोण करणार? शेवटी अण्णा साळुंके नावाचा हॉटेलात काम करणारा नाजूक हातांचा मुलगा तारामती झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा भालचंद्र रोहिदास. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि गाजला.

मग फाळके मंडळी नाशिकला आली. पुढच्याच सिनेमात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या खऱ्या बायका पडद्यावर आल्या. दादासाहेबांचे प्रयोग चालूच होते. आगपेटीतल्या काड्या एकेक चौकटीला थोड्या थोड्या सरकवून त्यांनी त्या नाचवल्या, ‘आगकाड्यांची मौज’! साधन काय, तर दिडकीची काडेपेटी. १९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले, तिथे कौतुक झालं, हेपवर्थ यांनी तिथेच राहून काम करायला सांगितलं, पण त्यांना आपल्याच देशात करायचं होतं. परत आले तर महायुद्ध सुरू आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडते घेतलेले. पुन्हा घरात ओढग्रस्त. त्यातूनही १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण झाली.

शेवट मात्र गोड नाही. हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटेना, तेव्हा सगळं सोडून ते काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, पुन्हा परतले. स्वभाव तापट, हिशेबात कच्चे. बोलपट आले आणि त्यांचा काळ मागे पडला. कोल्हापूरला केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने मोठा पुरस्कार देतं. २००९ सालच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या सिनेमामुळे सरस्वतीबाईंची थोडी ओळख नव्या पिढीला झाली, पण घरात कुणालाही विचारून बघा, फाळक्यांच्या बायकोचं नाव काय? दहात एकाला येईल.

असो. पुढच्या रविवारी मी मुलींना ही सगळी गोष्ट सांगितली. वाटाण्याच्या कुंडीपाशी त्या थांबल्या आणि छिद्रांच्या हिशेबाला त्यांचे डोळे विस्फारले. मग आम्ही आमची यादी केली. हंड्यांच्या गोष्टीला नेमकं काय लागतं? पेन्सिल, खोडरबर, पट्टी होतीच. काळी शाई आणि लाकडी दांडीचा टाक बाजारात मिळाला. वहीच्या कागदावर शाई पसरायला लागली, म्हणून जाड गुळगुळीत कागद आणला. टाक दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक, हे कळल्यावर पोरगी तासभर नुसत्या रेघाच ओढत बसली. चित्र मोठं काढून झेरॉक्सवाल्याकडे लहान करून घेतलं की रेघ आणखी नीट दिसते, हेही कळलं. एकाच कागदाला घड्या घालून, मध्ये एक चीर दिली की आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. परदेशी पेन पुढे घ्यायचं तेव्हा घेऊ. ते वाईट नाही. पण आता तिला कळेल की ते कशासाठी हवंय.

अक्षर काढायला तिची मैत्रीण बसली, घड्या दोघी-तिघींनी घातल्या, झेरॉक्सचे पैसे तिच्या आईने भाजीच्या पैशांतून दिले. पुस्तिका पुरी झाली तेव्हा मुखपृष्ठावर तिने फक्त स्वतःचं नाव घातलं होतं. मी काही बोलले नाही, नुसतं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. ती क्षणभर बघत राहिली. मग टाक शाईत बुडवून तिने तिथे एक नवी चौकट आखली, आणि तिच्यात पहिलं नाव आईचं लिहिलं.