समान कामाला समान दाम

गिरगावच्या खोताच्या वाडीत बायकांच्या बैठकीला गेले, की एक प्रश्न हमखास येतो. काम सारखंच, मग बाईची मजुरी कमी का? अशा वेळी मी बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र सांगते.

1891 साली जन्मलेले बाबासाहेब परळच्या चाळीत राहिले, गिरणी कामगारांच्या वस्तीत. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता मिळावा, अशी बाजू त्यांनी मांडली. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धात कोळसा कमी पडला, म्हणून 1943 साली बायकांना खाणीत उतरायची बंदी उठवली गेली. त्यावर टीकाही झाली. पण तिथे बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हे तत्त्व त्यांनी धरून ठेवलं. पुढे त्यांच्या मसुदा समितीने घडवलेल्या राज्यघटनेच्या 39व्या कलमात ते आलं. 1956 साली बाबासाहेब गेले. समान वेतनाचा कायदा मात्र 1976 साली झाला, आणि आता तो 2019च्या वेतन संहितेत सामावला आहे.

मैत्रिणींनो, शेतावर असो की दुकानात, मजुरी ठरवताना त्याच कामाचे गड्याला किती मिळतात, हे आधी विचारा. त्यात लाजायचं काय? हक्काचंच तर आहे.