चौघांतला कुर्बान

कॉलेज सुटल्यावर चार हुतात्मा पुतळ्यांपाशी तुम्ही कितीदा तरी थांबला असाल. कधी रिक्षासाठी, कधी कुणाची वाट बघत. पण चौघांची नावं कधी सलग वाचलीत? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. आज यातल्या कुर्बानबद्दल बोलू. फाशी झाली तेव्हा तो जेमतेम विशीत होता, तुमच्याच वयाचा. म्हणून एकेरीच बोलू या.

कुर्बान सोलापूरचा, म्हणजे गिरण्यांच्या गावचा. भोंगा झाला की मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे कामगार एकाच दारातून आत जायचे. या कामगारांमध्ये तो काम करायचा. शिवाय ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवायचा. गझनफर म्हणजे सिंह.

तेव्हाचं राजकारण कसं होतं बघा. १९०९च्या कायद्याने इंग्रजांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले. मतदार मोजकेच, पण गणित बदललं. निवडून यायला पुढाऱ्याला शेजारच्या गल्लीची मतं लागेनाशी झाली. उलट त्या गल्लीची भीती दाखवली की आपली मतं पक्की! मग मशिदीवरून वाजंत्री न्यायची की नाही, मिरवणूक कुठून काढायची, असल्या गोष्टींवरून डोकी फुटू लागली. नागपुरात १९२३ साली असाच मिरवणुकीचा वाद पेटला आणि १९२७ साली तिथे मोठी दंगल झाली. अशा दिवसांत आपल्या जमातीला चिथावणारा पेपर काढणं सगळ्यात सोपं होतं. कुर्बानने नेमकं उलटं केलं. त्याने हिंदू-मुस्लिम एकीबद्दल लिहिलं आणि रोख ठेवला इंग्रज सरकारवर.

मे १९३०. गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर रस्त्यावर उतरलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले. पुढचे तीन दिवस, ९ ते ११ मे, शहरात इंग्रजांचं राज्य उरलंच नाही.

इथे जरा थांबा. पोलीस नाहीत, सरकार नाही, लोक चिडलेले. हिंदू-मुसलमान एकमेकांवर धावून जायला याहून चांगली संधी कोणती? तरीही गल्ली गल्लीवर उठली नाही. म्हणजे दंगल आपोआप होत नसते. ती कुणीतरी घडवावी लागते, आणि त्या तीन दिवसांत सोलापुरात तशी हाक कुणी दिली नाही.

१२ मे रोजी मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा ठरला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली हे चौघे पकडले गेले. पुरावा खरा नव्हता, असं सोलापूरकर आजही मानतात. १२ जानेवारी १९३१ रोजी, संक्रांत दोन दिवसांवर असताना, चौघांनाही येरवड्यात फाशी दिली गेली.

याच शहरातली दुसरी तारीख सांगतो. ऑक्टोबर २००२. अमेरिकेतला धर्मोपदेशक जेरी फॉलवेल, तिथल्या राजकारणातलंही वजनदार नाव, टीव्हीवर पैगंबरांबद्दल वाईट बोलला. निषेध म्हणून सोलापुरात बंद झाला, त्याची दंगल झाली आणि माणसं मेली. बोलणाऱ्याने सोलापूरचं नावही ऐकलं नसेल. त्याचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते ज्यांची दारं समोरासमोर होती त्यांचं. ते घडलं तेव्हाही चौघांचं नाव या शहरात घेतलं जातच होतं. म्हणजे हार घालणं पुरत नाही.

कुर्बानच्या हातात छापलेला कागद होता, तुमच्या हातात मोबाईल आहे. पुढच्या निवडणुकीच्या किंवा सणाच्या तोंडावर ग्रुपवर एखादा व्हिडिओ येईल. कुठला, कधीचा, कळणार नाही. रक्त मात्र उसळेल. तेव्हा अंगठा थांबवा आणि एवढंच विचारा, हा पुढे पाठवला तर फायदा कुणाचा, आणि दार कुणाचं जळणार?

मग एक फोन करा, त्या समोरच्या गल्लीतल्या मित्राला. तसा मित्रच नसेल, तर यंदा १२ जानेवारीला पुतळ्यांपाशी जाण्याआधी तो शोधा.